चौथा स्फटिक

मंगळवारी सकाळी माझे पती कॉलेजला निघाले. घाट उतरून गेल्यावर त्यांची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले. त्याच दिवशी दुपारी त्यांच्या मेलवर एक फाइल आली.

ती फाइल आली आहे हे कळायला मला पुढचा महिना उजाडला. मधल्या काळात आमचं धारूरचं घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. उसाचा हंगाम होता. आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्या दिवसांत कुलूप लावून कारखान्यावर गेलेली असतात, त्यामुळे बसायला येणाऱ्यांत म्हातारी माणसंच जास्त होती. ती आत्यांच्या शेजारी बसायची, कापसाचं काहीतरी बोलून उठायची. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. लग्नापासून मी त्यांना आत्याच म्हणते. त्यांना हा एकच मुलगा होता. आम्हाला मूल नाही. तेरावं झाल्यावर पाहुणे आपापल्या गावी गेले आणि मी शाळेत जाऊ लागले. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वर्गात धडा वाचताना माझा आवाज नीट येत होता, याचंच मला नवल वाटायचं.

माझे पती रसायनशास्त्र शिकवत. चाळिशी उलटल्यावर त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. बढतीसाठी चाललंय, असं कॉलेजात लोक म्हणत. बढतीचा विचार त्यात नव्हता असं नाही. पण त्यांना स्फटिक मनापासून आवडायचे. जेवताना ताटात खडेमीठ आलं की ते एखादा खडा नखावर घेऊन उजेडाकडे धरत आणि त्याच्या कडा बघत. भाजी गार होते म्हणून आत्या ओरडत.

झिंक सल्फेट आणि काही सेंद्रिय आम्लं एकत्र करून नवीन संयुगं तयार करायची आणि त्यांची आतली रचना शोधायची, हा त्यांचा विषय होता. आत्यांना झिंक ठाऊक होतं. पिकाचं पान पिवळं पडलं की कृषी केंद्रातून आणून टाकतात ते. एवढं शिकून पोरगं शेवटी खताकडंच आलं, असं त्या चेष्टेने म्हणत, आणि ते हसत.

भुकटीवरून रचना नेमकी कळत नाही, त्यासाठी एकसंध स्फटिक लागतो, हे त्यांनी मला पुष्कळदा समजावून सांगितलं होतं. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि त्यावरून आत कोणता अणू कुठे बसला आहे ते काढता येतं. ते यंत्र बाहेरच्या राज्यातल्या एका संस्थेत होतं. कुपीत स्फटिक घालून कुरिअरने तिकडे पाठवायचा आणि आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं. उत्तर म्हणून तिथून एक फाइल येते.

स्फटिक ते घरीच वाढवत. कॉलेजच्या प्रयोगशाळेवर पत्रे आहेत आणि सुट्टीत ती बंद असते. आमच्या मधल्या खोलीत भिंतीतलं फडताळ आहे, तिथे ऊन लागत नाही. त्यात बीकर ठेवलेले असत. प्रत्येकावर चमकता कागद ताणून बसवलेला आणि कागदाला सुईने पाडलेली भोकं. आतलं पाणी हळूहळू उडून जायचं, आणि ते उडता उडता तळाशी स्फटिक धरायचा. त्या भिंतीला धक्का लागू नये म्हणून आमचा मिक्सर पडवीत गेला. दार आपटायचं नाही, बीकर हलवायचे नाहीत, फडताळाजवळ झाडू मारायचा नाही, असे नियम त्यांनी घालून दिले होते आणि आम्ही ते पाळत होतो.

चार संयुगं ठरली होती. तिघांच्या रचना मिळाल्या. चौथ्याचा स्फटिक काही केल्या धरेना. दर वेळी तळाशी पिठासारखा गाळ बसायचा. ते तो धुवायचे, पुन्हा मांडायचे. असं करता करता वर्षं गेली. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांनी आम्हाला दोघींना हाक मारली. बीकरच्या तळाशी काचेच्या सुयांसारखे स्फटिक होते, रंग नसलेले, आरपार दिसणारे. झिंकचं संयुग असंच दिसायला हवं होतं. त्यांनी माझ्या शाळेचं भिंग मागून घेतलं आणि आत्यांच्या डोळ्याशी धरलं. संध्याकाळी बाजारातून पेढे आणले आणि पहिला आत्यांना दिला. एरवी पाठवण्याआधी ते कॉलेजात एकदोन साध्या चाचण्या करत. या वेळी स्फटिक इतके थोडे होते की एकही खर्च करायला त्यांचं मन होईना. सगळ्यांत चांगला निवडून त्यांनी कुपीत घातला, चिठ्ठी चिकटवली आणि दिवाळीआधी पाठवून दिला.

त्यांच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांचा फोन आला तेव्हा मी चाचणीचे पेपर तपासत होते. ते निवृत्तीला आलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ आहेत. त्यांनी आधी आत्यांची चौकशी केली. मग म्हणाले की प्रबंधाची सगळी प्रकरणं लिहून झाली आहेत, फक्त चौथ्या रचनेची जागा मोकळी आहे. काम पूर्ण असेल तर मरणोत्तर पदवीसाठी ते विद्यापीठात शब्द टाकतील. अवघड असतं, पण होतं. अपूर्ण काम घेऊन मात्र त्यांना कोणाच्या दारात जाता येणार नाही.

“संस्थेकडून फाइल आली असेल, मॅडम. बघा,” ते म्हणाले. “तेवढीच राहिली आहे.”

कॉलेजच्या शोकसभेत फळ्यावर त्यांचं नाव लिहिलं होतं. नावाआधी प्रा. असं होतं. मी समोर बसले होते आणि तेवढीच अक्षरं बघत होते. तिथे डॉक्टर असायला हवं होतं, असं तेव्हा वाटलं आणि मग ते डोक्यातून गेलं नाही. फोन ठेवल्यावर मी आत्यांना सगळं सांगितलं. फाइल उघडली आणि त्यात रचना निघाली की त्यांना पदवी मिळू शकेल, मेल्यानंतरसुद्धा. आत्या म्हणाल्या, “मग बग की. त्याचं काम अर्धं नगं राह्याला.”

लॅपटॉप मी त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा उघडला. मेल उघडाच होता. संस्थेच्या निरोपात दोन ओळी होत्या: नमुन्याचं मापन झालं आहे, फाइल सोबत जोडली आहे. खाली तारीख आणि वेळ होती. त्या वेळी त्यांना शवविच्छेदनासाठी नेलं होतं.

फाइलवर दोनदा टिचकी मारली तर लॅपटॉपने विचारलं, ही कशात उघडू. मला वर्ड येतं. मी वर्ड म्हटलं. पानंच्या पानं उघडली. इंग्रजी शब्द एकमेकांना खालच्या रेघेने जोडलेले, पुढे आकडे, काही आकड्यांच्या मागे कंस आणि कंसात आणखी एक आकडा. मधेमधे नुसती प्रश्नचिन्हं. पदार्थाचं रूढ नाव काय, तिथे प्रश्नचिन्ह. वितळण्याचं तापमान काय, तिथे प्रश्नचिन्ह. त्यांच्या प्रबंधाची प्रत्येक कच्ची प्रत मी वाचून दिली होती, भाषा नीट आहे का तेवढं बघायला. त्या सवयीने मी हेही वरपासून खालपर्यंत वाचलं. काही कळलं नाही. जिथे ओळी विस्कटलेल्या वाटल्या तिथे मी मोकळ्या जागा काढून टाकल्या आणि जतन केलं.

रविवारी त्यांचे कॉलेजातले मित्र आले. ते भौतिकशास्त्राचे सर. अंत्यविधीनंतर ते घरी आले नव्हते आणि आत येतानाही उंबऱ्याशी थोडे थांबले. त्यांनी पेनड्राइव्हवरून स्फटिकांच्या रचना दाखवणारं सॉफ्टवेअर आणलं होतं. कॉलेजच्या संगणकावर होतं तेच, फुकट मिळणारं. ते लॅपटॉपवर घातलं आणि माझी फाइल त्याला दिली, तर सॉफ्टवेअर ती घेईना. त्यांनी ती नुसत्या अक्षरांत उघडून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं.

“वहिनी, तुमी हिला निबंधासारखं तपासलं का काय?”

मी हो म्हटलं. त्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासमोर हसलं आणि मलाही बरं वाटलं. वर्डमध्ये जतन केली की ती फाइल तिच्या जातीची राहत नाही, असं त्यांनी सांगितलं. मेलमधली मूळ प्रत तशीच होती. ती त्यांनी पुन्हा उतरवून घेतली.

“ही वाचायची न्हाई. उघडायची हाय,” ते म्हणाले.

मग त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. आपण नसलो तरी वहिनींना करता आलं पाहिजे, असं त्यांच्या मनात असावं. फाइलवर टिचकी मारायची नाही. आधी सॉफ्टवेअर सुरू करायचं, मग त्याच्या आत जाऊन फाइल बोलवायची. तिथे दोन शब्द असतात, ओपन आणि इम्पोर्ट. सॉफ्टवेअरने स्वतः जतन केलेली असेल तर ओपन. दुसरीकडून आलेली असेल तर इम्पोर्ट. इम्पोर्ट म्हटलं की ते आधी प्रश्न विचारतं. फाइलमध्ये दिलेले तेवढेच अणू दाखवू, की नियमाप्रमाणे पुढचे भरून पूर्ण पेटी, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा ठोकळा, दाखवू? जवळचे अणू काडीने जोडू का? फाइलमध्ये रचनेचा सगळ्यांत लहान तुकडाच असतो. साडीच्या काठावरची एक कुयरी ठरली की पुढचा सगळा काठ ठरतो, तसा त्या तुकड्यावरून बाकीचा स्फटिक काढता येतो. कंसातला आकडा म्हणजे मोजमाप किती चुकलेलं असू शकतं ते, हेही त्यांनीच सांगितलं. मला ते आवडलं. प्रत्येक आकड्यामागे आपली शंका लिहून ठेवणारी माणसं होती ती.

सॉफ्टवेअर नीट चालतंय का बघायला त्यांनी आधी जुन्या तीन फाइली घेतल्या. पहिली आत आली तशी पडद्यावर करड्या गोळ्यांची षट्कोनी कडी उमटली. तिला लाल गोळे लागलेले, आणि मधोमध झिंकचा एक मोठा गोळा, सगळ्यांनी धरून ठेवल्यासारखा. माऊस फिरवला की सगळं फिरत होतं. हे चित्र मी प्रबंधात कागदावर कितीदा पाहिलं होतं, पण ते फिरतं हे मला माहीत नव्हतं. ते रोज इथे बसून काय फिरवत होते ते आता दिसलं.

आत्या पदराला हात पुसत येऊन मागे उभ्या राहिल्या.

“ह्ये त्यानं केलं?”

मी म्हटलं, “हो, त्यांनीच.”

“केवढं असतंय?”

“दिसत न्हाई इतकं बारीक, काकू,” सर म्हणाले.

“दिसतंय की,” आत्या म्हणाल्या.

दुसरी आणि तिसरीही अशीच आत आली. मग त्यांनी चौथी फाइल घेतली. प्रश्नांना आधीसारखीच उत्तरं दिली. पडद्यावर थोडेसेच गोळे आले. एक मोठा, एक पिवळा, त्याच्याभोवती लाल, आणि बाजूला पांढरे ठिपके लागलेला आणखी एक लाल. सरांनी पूर्ण पेटी भरायला सांगितली. गोळे वाढले, एकावर एक थर लागले, पण त्याच तीनचार जातींचे. करडा गोळा एकही नव्हता. कडी नव्हती. सरांनी फाइल बंद केली, पुन्हा बोलावली, या वेळी दुसऱ्या चौकटीवर खूण केली. तेच आलं. त्यांनी तिसऱ्यांदा करून पाहिलं आणि माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. तो हात बघून मला कळलं की काहीतरी बिघडलं आहे.

“वहिनी, ह्यात कार्बन न्हाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्यांच्या संयुगात कार्बन पायजेच.”

आत्या मागेच होत्या. त्यांनी विचारलं की निघालं का. सर म्हणाले, “बगतो, काकू. फाइल बदलली असंल कुणाची.”

आम्ही संस्थेला लिहिलं. उत्तर लगेच आलं. फाइल बरोबर आहे, नमुना तुमचाच आहे. सोबत त्यांनी कुपीचा फोटो पाठवला होता. कुपीवर चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर माझ्या पतींचं अक्षर. चारचा आकडा ते खालून वर काढत, तसाच होता.

मग मी फाइल मार्गदर्शकांना पाठवली. त्यांचा फोन त्याच दिवशी आला, शाळेच्या मधल्या सुट्टीत. मी वर्गाबाहेर व्हरांड्यात गेले.

“मॅडम, हे जिप्सम आहे,” ते म्हणाले. “कॅल्शियम सल्फेट. तुमच्या खडूत असतं ते.”

माझ्या बोटांना खडू लागलेला होता. मी त्यांना विचारलं की मग ह्यांचं संयुग कुठे गेलं. ते म्हणाले, ते पाण्यात विरघळलेलंच राहिलं असणार किंवा गाळ होऊन बसलं असणार. सल्फेट झिंकबरोबर आलेलं होतंच. कॅल्शियम मात्र त्यांच्या मिश्रणात कुठेच नव्हतं, ते बाहेरून आलं. बहुतेक पाण्यातून. मी सांगितलं की ते फक्त डिस्टिल्ड पाणी वापरत, कॉलेजातून कॅन भरून आणत. मार्गदर्शक म्हणाले की कधीतरी साधं पाणी पडलं असेल, आपल्या भागातलं बोअरचं पाणी, त्यात हेच क्षार असतात. स्फटिक वाढवणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी भलताच स्फटिक वाढवतो, त्यांनी स्वतः एकदा साधं मीठ मोजून आणलं होतं. फक्त माणूस पुन्हा मांडतो.

पुन्हा मांडता येईल का, असं मी विचारलं.

“येईल. कृती त्यांनी लिहून ठेवली आहे,” ते म्हणाले. “पण वाढवेल तो दुसरा. मग ते त्याचं काम होईल, मॅडम. ह्यांचं नाही.”

मी वर्गात गेले आणि राहिलेला धडा पूर्ण केला. घरी आल्यावर फाइल पुन्हा नुसत्या अक्षरांत उघडली. वरच्या भागात एका ओळीत सूत्र दिलेलं होतं. कॅल्शियम, हायड्रोजन, ऑक्सिजन, सल्फर. पहिल्या दिवशी मी ती ओळ वाचली होती. तिच्यात भाषेची काही चूक नव्हती म्हणून पुढे गेले होते.

भौतिकशास्त्राचे सर पुन्हा आले. या वेळी ते आत आले नाहीत, पडवीतच बसले. चहा हातात घेऊन त्यांनी आवाज खाली आणला. फाइल म्हणजे शेवटी नुसती अक्षरं आणि आकडे आहेत, तुम्ही बघितलंच आहे, असं म्हणाले. जशी उघडता येते तशी लिहिताही येते. तिसऱ्या रचनेची फाइल घ्यायची, काही अणू बदलायचे, आकडे थोडे हलवायचे. तपासणारे चित्र बघतात, आकडे कोणी मोजत बसत नाही. त्यांनी एवढी वर्षं घातली होती, एवढं तर त्यांचं देणं लागतो आपण.

“माझ्याच्यानं हुईल, वहिनी. कुणाला कळणार न्हाई.”

मी लगेच नाही म्हटलं नाही. माझ्यासमोर फळ्यावरचं नाव होतं, आणि त्याच्या आधीची जागा. मी विचारलं, “त्या रचनेखाली नाव कोणाचं येईल?”

“त्येचंच की.”

कंसातले शंकेचे आकडेसुद्धा आता आम्हीच बनवणार होतो. पुढे कोणी ते संयुग करून बघितलं आणि रचना जुळली नाही, तर त्या खोट्याचा जाब द्यायला ते नसतील, नाव मात्र असेल. मी नको म्हटलं. सरांनी कप खाली ठेवला. “बरं झालं तुमी न्हाई म्हणलात,” ते म्हणाले आणि निघून गेले. मी नाही म्हणावं म्हणूनच ते आले होते का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आत्यांना सांगायचं राहिलं होतं. त्या रोज विचारत, निघालं का, आणि मी रोज बघतेय म्हणत होते. एके सकाळी आम्ही दोघी मागच्या अंगणात भांडी घासत होतो. अंघोळीचं पाणी तापवायच्या पातेल्याला तळाशी पांढरा थर धरतो, तो मी दगडाने खरवडत होते. आमच्याकडे सगळ्यांच्याच भांड्यांना तो धरतो. मी मान वर न करता सांगितलं की तो खडा त्यांच्या संयुगाचा नव्हता. त्यात आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार निघाला, ह्या थरासारखाच. कसा गेला ते कोणाला माहीत नाही. आता प्रबंध पुढे जाणार नाही.

आत्यांचा हात थांबला. नळ चालू होता, तो त्यांनी बंद केला.

“ते पाणी मी टाकलं व्हतं,” त्या म्हणाल्या.

मे महिन्यात ते पेपर तपासायला बाहेरगावी गेले होते आणि मी माहेरी. घरात आत्या एकट्या होत्या. उन्हाळा असा होता की माठ दुपारपर्यंत अर्धा होई. फडताळ पुसायला म्हणून त्यांनी दार उघडलं आणि बीकरमधलं पाणी खाली गेलेलं पाहिलं. पोरगं येईपर्यंत कोरडं पडेल आणि त्याचं सगळं वाया जाईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी बीकर हलवला नाही. कागदाची कड अलगद उचलली, माठातलं पाणी फडक्याने गाळून घेतलं आणि पळीने थोडं थोडं सोडलं. ते परत येईपर्यंत रोज.

आमच्या भागात उन्हाळ्यात पाण्याचं भांडं आटलेलं कोणाला बघवत नाही. गोठ्यातली डोणी असो, पाखरांचं वाडगं असो, जाणारा येणारा त्यात तांब्याभर ओतून पुढे जातो, मालक कोण ते विचारत नाही. आत्यांनी तेवढंच केलं होतं. हलवू नका, आपटू नका, झाडू मारू नका, हे सगळं त्यांनी आईला सांगितलं होतं. पाणी घालू नका हे सांगितलं नव्हतं. कोणी घालेल असं त्यांच्या मनातच आलं नसावं.

मी विचारलं, “आत्या, तेव्हाच का सांगितलं नाहीत?”

“हात लावायचा न्हाई म्हणला व्हता ना. रागवंल म्हणून.” मग त्या म्हणाल्या, “आन् मग खडे धरले. मला वाटलं, माज्या पाण्यानं धरले. कुणाला बोलले न्हाई, पण लई बरं वाटलं व्हतं.”

मी पातेलं खाली ठेवलं.

“त्याला कळलं व्हतं का?”

“नाही,” मी म्हटलं. “फाइल आली तेव्हा ते गेले होते. त्यांनी ती उघडली नाही.”

“म्हंजी त्याच्या लेखी निगाला व्हता.”

“हो.”

त्यांनी मान हलवली. पुढे त्या बोलल्या तो आवाज मी याआधी ऐकलेला नव्हता, मातीच्या वेळीसुद्धा नाही.

“माज्यामुळं ऱ्हायलं म्हण की.”

तसं नाही असं मला म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण रोज वर्गात मी मुलांना सांगते, खरं असेल तेवढंच लिहा, आणि त्या क्षणी मला खरं काय ते माहीत होतं. मी त्यांचा ओला हात धरला. नाही म्हणू शकले नाही. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात सोडवून घेतला आणि राहिलेली भांडी धुवायला घेतली.

प्रबंध विद्यापीठात गेला नाही. मार्गदर्शक तीन रचनांवर एक लेख करत आहेत. त्यात माझ्या पतींचं नाव पहिलं येईल, आधी काही न लागता. चौथी फाइल मी काढून टाकलेली नाही. त्या दिवसापासून आत्या घरातल्या कोणत्याही गोष्टीला हात लावायच्या आधी मला विचारतात. मी नका विचारू म्हणते, त्या बरं म्हणतात आणि पुन्हा विचारतात.

लेख छापून यायला वेळ लागेल. घरात आता आत्या आहेत आणि मी आहे.